आधी आई बघा, जात शेवटी

जात विचारायची नाही, असं ज्या घरात मला लहानपणी शिकवलं, त्या घरातला मुलगा आज पाऊण तास जातीवर बोलायला उभा आहे. (हशा) हसा. पण माझं सगळं म्हणणं त्या शिकवणुकीतच आहे. फलकावर लिहिलंय, 'पहिला शिकारी कुत्रा : कोणती जात घ्यावी?' तिथवर मी येणार आहे, पण शेवटी. पिल्लू घ्यायला निघालेल्या माणसानेही तिथे शेवटीच यावं, असं माझं मत आहे.

तुम्ही बहुतेक सगळे बंदुकीचा परवाना नुकता हातात पडलेले, इंग्लंडात एकदोन हंगाम काढलेले. १ ऑक्टोबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत फेझंट, १२ ऑगस्टला ग्राउज या पाखरांची शिकार सुरू, हे मी तुम्हाला सांगायला नको. ड्राइव्ह म्हणजे झुडपं झोडत पाखरं बंदुकांकडे उठवणं, तेही नको. मी मात्र त्याला हाका म्हणणार आणि बीटरला हाकारा म्हणणार, कारण शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत. शिकार तेवढी उरली नाही, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपला, आणि संपला ते बरंच झालं. माझ्या आईला मी पहिल्यांदा फोनवर सांगितलं की फेझंट म्हणजे मोराच्या कुळातला पक्षी, तर तिने पुढचे दोन महिने माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. मोर मारतोस म्हणाली. कुळ सांगायची काही गरज नव्हती. इथेही तेच, कुळ सांगितलं की घोटाळा होतो.

तर कुळाचीच गोष्ट सांगतो.

मी चोवीस वर्षांचा होतो. दोन हंगाम नुसती काठी घेऊन हाकारा म्हणून चाललो होतो. शेजारच्या माणसाकडे स्प्रिंगर स्पॅनियल होती. काटेरी झुडपात शिरायची, शेपूट फिरवत बाहेर यायची, पुन्हा शिरायची. मला वाटलं, आपल्याला हीच पाहिजे. म्हणजे मी जात ठरवली. मग जाहिराती बघायला लागलो आणि एका ठिकाणी गेलो. त्या गृहस्थांनी वंशावळीचा कागद माझ्यापुढे पसरला. पाच पिढ्यांची वंशावळ म्हणजे ६२ नावं असतात, मोजून बघा, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. त्यात फील्ड ट्रायलचे, म्हणजे कामाच्या कुत्र्यांच्या स्पर्धेचे, चॅम्पियन तांबड्या शाईत छापतात. माझ्या कागदावर १९ नावं तांबडी होती. कुंकवाचा करंडा सांडल्यासारखा कागद दिसत होता हो!

बाप दुसऱ्या परगण्यात होता, तो दिसला नाही. आई दिसली. जाळीच्या मागे होती, गोल गोल फिरत होती आणि बारीक आवाजात एकसारखी कुंकूं करत होती. मी म्हटलं, वा, काय उत्साह आहे! हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पिल्लू घरी आणलं, नाव ठेवलं झुळूक. नावाचा सल्ला फुकट देतो. एकदोन अक्षरी ठेवा, तुमच्या कुठल्याही हुकुमासारखं ऐकू येणार नाही असं ठेवा, आणि त्यात 'ळ' नको. इथल्या लोकांनी तिची झुलू करून टाकली. मग मीही झुलूच म्हणायला लागलो. स्वतःच्या कुत्रीला परक्या उच्चारात हाक मारणारा मी एकटाच नसेन.

झुलू सात महिन्यांची झाली. घरामागच्या अंगणात बसायची, थांबायची, शीळ वाजवली की यायची. अंगण पंधरा पावलांचं. तेवढ्यात येणार नाही तर जाईल कुठे? मी शूटच्या, म्हणजे ही शिकार चालते त्या जागेच्या, रखवालदाराला विचारलं, आणू का हिला? तो म्हणाला, आण, पण दोरी सोडू नकोस.

जेवणाआधीचा शेवटचा हाका होता. मका आणि केल, म्हणजे कोबीच्या जातीचा पाला, पेरलेला लांब पट्टा, तीनशे पावलं तरी असेल. आम्ही हाकारे या टोकाला रांगेत उभे, बंदूकवाले त्या टोकापलीकडे आपापल्या खुंटीकडे, म्हणजे ठरवून दिलेल्या जागेकडे, अजून चालतच होते. हाका सुरू करायचा भोंगा झालेला नव्हता. हाक्यातली खुबी तुम्हाला माहीत आहे, पाखरू आधी पायाने पळतं, पिकाच्या टोकाशी जमतं आणि तिथून त्यांना चारदोन, चारदोन असं उठवायचं असतं. सगळी एकदम उठली की हाका संपला. माझ्या डाव्या हाताच्या माणसाने आपल्या कुत्र्याची दोरी काढली. त्याचा कुत्रा सात वर्षांचा, तो जागचा हलला नाही. मला वाटलं, आता काढायची असते. मीही काढली.

पुढचं मला फार दिसलं नाही, केलची पानं हलताना दिसली. सरळ रेघेत, त्या टोकापर्यंत. मी शीळ फुंकली. पुन्हा फुंकली. फुंकतच राहिलो. आणि आज तुम्हाला सांगतो, त्या दिवशीची सगळ्यात मोठी चूक दोरी काढणं ही नव्हतीच, ती शीळ होती. मी वीस वेळा शीळ वाजवली आणि वीस वेळा तिने ती ऐकून सोडून दिली. म्हणजे शिट्टी झाली की आपण धावत राहायचं, मागे तो माणूस वाजवत असतो, असा धडा मी स्वतः तिला वीसदा शिकवला. तो पुसायला मला दोन वर्षं लागली.

मग पाखरं उठली. दीडशे असतील, दोनशे असतील, मी मोजायच्या अवस्थेत नव्हतो. डावीकडे, उजवीकडे, आमच्या डोक्यावरून मागे. बंदूकवाले रस्त्यात, बंदुका पिशव्यांत. एक बार झाला नाही. आणि सगळं शांत झाल्यावर झुलू परत आली, तोंडात जिवंत फेझंटची मादी, पिसालाही धक्का नाही, इतकं मऊ तोंड! आणि ती तिने नेऊन दिली कुणाला? मला नाही. रखवालदाराला. (हशा)

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या माणसाने जुलैत ती पिल्लं रानातल्या कुंपणात सोडल्यापासून रोज दाणा टाकला होता, कोल्ह्याच्या पाळतीवर रात्री काढल्या होत्या. त्याने मादी हातात घेतली, तिचे पंख बघितले, सोडून दिली आणि टोपी डोळ्यांवर ओढून निघून गेला. मला जेवणानंतर गाडीत बसवलं, मारलेली पाखरं टांगायच्या गाडीत.

तिथे एक म्हातारी बाई होती, पडलेली पाखरं गोळा करायला येणारी. तिच्या पायाशी काळी लॅब्रॅडॉर, तोंड पांढरं झालेलं. एवढा गोंधळ झाला, दोनशे पाखरं डोक्यावरून गेली, ती कुत्री बसल्या जागेवरून उठली नव्हती. फक्त डोळ्यांनी बघत होती कुठलं कुठे गेलं ते. बाईने मला चहा दिला आणि विचारलं, "हिची आई पाहिली होतीस का?"

मी म्हटलं, हो. जाळीमागे गोल गोल फिरत होती.

ती म्हणाली, "मग?"

बस, एवढंच. आजचं व्याख्यान हे त्या 'मग'वरचं भाष्य आहे.

आता, त्या तांबड्या शाईवर माझा राग आहे तो जरा बोलून घेतो. चॅम्पियन खोटे नसतात. पण फील्ड ट्रायलमध्ये बघतात काय? वेग, ऐट, नाक, आणि एवढ्या वेगातही कुत्रा हातात आहे की नाही. तो हात असतो वर्षाचे तीनशे दिवस कुत्र्यांतच असणाऱ्या माणसाचा. त्या हाताचं नाव वंशावळीत छापत नाहीत. तुम्ही शनिवारी सकाळी आणि बुधवारी जमलं तर संध्याकाळी वेळ देणार. शर्यतीचा खोंड आणून घरच्या औताला जुंपायचा आणि मग खोंडाला नावं ठेवायची, असं आपण करतो. उलट टोकालाही जाऊ नका. प्रदर्शनातल्या घराण्याचा स्प्रिंगर आणि कामाच्या घराण्याचा स्प्रिंगर शेजारी उभे करा, एकाच जातीचे आहेत हे तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल. एकाचे कान चिखलात लोळतात, दुसरा चिखलातून पार झालेला असतो. जात एकच! म्हणून म्हणतो, जातीचं नाव ही फार ढोबळ माहिती आहे. ज्याचे आईबाप साध्या शूटवर हंगामभर काम करतात, ज्यांना तुमच्यासारखाच हौशी माणूस सांभाळतो, त्या घरचं पिल्लू घ्या. जानेवारीत जाऊन ती आई हाक्याच्या वेळी कशी बसते ते बघा. कुंकूं करते का ते ऐका. ती खोड रक्तातून उतरते आणि एकदा लागली की सहसा जात नाही.

अध्यक्ष चिठ्ठी पाठवतायत. दहा मिनिटं? सात. बरं. म्हणजे विषयाला हात घालायला पाहिजे.

माझ्या लेखी प्रश्न जातीचा नसून अंतराचा आहे. कुत्रा तुमच्यापासून किती लांब असलेला तुम्हाला झेपेल? छऱ्याची बंदूक चाळीस मीटरच्या पुढे भरवशाची नाही. स्पॅनियल पाखरू उठवतो, थांबून दाखवत नाही. म्हणून त्याने वीस पावलांच्या आतच नागमोडी फिरलं पाहिजे, नाहीतर पाखरू उठेल तेव्हाच ते पल्ल्याबाहेर असेल. म्हणजे दिवसभर वीस पावलांवर मोह, आणि प्रत्येक पाखराला त्याने खाली बसलं पाहिजे. पॉइंटर आणि सेटर दोनशे मीटरवरही चालतात, कारण ते वास लागला की खिळून उभे राहतात, तुम्ही जाईपर्यंत. सेटर तर बंदुकीच्या आधीपासूनचा, तो दबून बसायचा आणि माणसं पाखरांवर जाळं ओढायची. रिट्रीव्हरचं अंतर शून्य. पायाशी बसायचं, बघायचं, सांगितलं की जायचं. एकोणिसाव्या शतकात मागून भरायच्या बंदुका आल्या, हाक्याच्या शिकारी वाढल्या, पाखरं भराभर पडायला लागली, तेव्हा नुसता थांबणारा आणि आणून देणारा कुत्रा हवा झाला. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या कुत्र्यांपासून लॅब्रॅडॉर झाला, १९०३ मध्ये केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इथल्या संस्थेने, त्याला वेगळी जात मानलं. गोल्डन रिट्रीव्हरचं पहिलं वेत १८६८ चं, स्कॉटलंडमधलं. थांबणं हेच त्यांचं मूळ काम.

म्हणून आता भराभर. गेल्या हंगामात तुम्ही खरोखर काय केलंत ते कागदावर लिहा, काय करायला आवडेल ते नको. खुंटीवर उभे राहिलात, तळ्यावर बदकांना बसलात, कबुतरांसाठी आडोशाला थांबलात, तर लॅब्रॅडॉर. गोल्डन चालेल, पण कामाचं घराणं शोधायला जास्त हिंडावं लागेल. दरवेळी हाकाऱ्यांच्या रांगेतच असता, कुंपणाकाठची झुडपं झोडता, तर स्प्रिंगर, पण आई शांत हवी. उघड्या माळावर ग्राउजच्या मागे जाणारे इथे किती? एक हात. तुम्ही पॉइंटर घ्या, आणि मला बोलवा. शोधणारे, दाखवणारे आणि आणणारे, असे तिन्ही करणारे जर्मन पॉइंटर किंवा विझ्ला सुंदर असतात, मला फार आवडतात, पण एकाच कुत्र्याला तीन धंदे शिकवायचे आणि त्यातला एक तुमच्या नजरेआड, हे पहिल्या कुत्र्याला नको.

ज्याला काहीच ठरवता येत नाही त्याने कामाच्या घराण्यातली लॅब्रॅडॉर मादी घ्यावी. कंटाळवाणा सल्ला आहे, मला माहीत आहे.

तब्येतीचं विसरू नका. लॅब्रॅडॉरच्या दोन्ही आईबापांचा खुब्यांचा एक्स-रे झालेला असावा, त्याचे गुण ० ते १०६, आणि इथे कमी गुण म्हणजे पास. कोपर, डोळे, आणि धावून कोसळायच्या आजाराची डीएनए तपासणी. स्प्रिंगरमध्ये फ्युकोसिडोसिस हा आनुवंशिक आजार विचारा. 'फ्यु' म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा कोरा राहिला तर चहा पिऊन परत या. पिल्लू आईजवळच बघायचं, आठ आठवड्यांआधी आणायचं नाही. मधल्या दलालाने पिल्लू विकायला इंग्लंडात २०२० पासून बंदीच आहे.

आणि पिल्लू आवाजाला घाबरतं का हे बघायला त्याला क्ले मैदानावर, म्हणजे मातीच्या चकत्यांवर सारखे बार चालतात तिथे, नेऊ नका, हात जोडतो. घाबरत नसेल तर तिथे घाबरायला लागेल. बार लांबून, एकच, ते कशात तरी रमलेलं असताना. डमी, म्हणजे सरावाचं खोटं पाखरू, फेकलीत तर दहातल्या सातआठ तुम्ही स्वतः चालत जाऊन उचला, तो बसून बघू दे. दीड वर्षाच्या आत शूटवर न्यायचं नाही. दोरी कुणी काढली तरी आपली काढायची नाही.

काय? कॉकर स्पॅनियल राहिला. कॉकर लाघवी असतो, अंगाने लहान, घरात मावतो, आणि तुम्हाला बोटावर नाचवतो. दुसरा कुत्रा म्हणून घ्या.

मागून कोणीतरी झुलूचं विचारतंय. पाचव्या हंगामापासून ताळ्यावर आली. त्यानंतर सहा वर्षं फार छान काम केलं तिने. माझी दुसरी कुत्री त्या पांढऱ्या तोंडाच्या लॅब्रॅडॉरची नात होती, बाईंचा पत्ता मी त्या गाडीत बसल्याबसल्याच मागून घेतला होता. त्या शूटवर मात्र मला पुन्हा कधी बोलावलं नाही.