आडवा कापलेला स्वेटशर्ट

[दृश्य: सकाळचा रस्ता, गर्दी]

शनिवार. अ‍ॅन आर्बर, मिशिगन. सामना दुपारी आहे, पण सकाळी आठपासून रस्त्यावर दोनच रंग दिसतायत. एक निळा, दुसरा मक्याच्या दाण्याचा पिवळा. इथे त्याला ‘मेझ’ म्हणायचं. यलो म्हणालात, तर शेजारचा माणूस हसत हसत दुरुस्त करतो.

सगळे निघालेत ‘बिग हाउस’कडे. १९२७ साली उघडलेलं मैदान, आसनं १,०७,६०१. आणि खेळणार कोण, तर मिशिगन विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ. आज शिकणारी आणि चाळीस वर्षांपूर्वी शिकून गेलेली मंडळी एकाच रांगेत उभी आहेत.

[दृश्य: दुकान]

दुकानात अक्षर एकच, एम. पण ते कशाकशावर आहे बघा. जर्सी, हुडी, लोकरी टोप्या, तान्ह्या बाळाचे कपडे, कुत्र्याचा पट्टा. ‘मिशिगन डॅड’, ‘मिशिगन ग्रँडपा’. आमची यजमान मुलगी सांगलीची, इथे एमएस करते. तिने पाठवलेला ‘मिशिगन मॉम’ घालून तिची आई रोज कृष्णेच्या घाटावर फिरायला जाते. थंडी असो वा नसो.

अक्षर सारखं, पण माल सारखा नाही. कॅमेरा जवळ नेऊ.

[दृश्य: टी-शर्ट, छपाईवरून फिरणारं बोट]

हा साधा टी-शर्ट. कापड साधारण १८० जीएसएमचं, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन १८० ग्रॅम. छपाई प्लास्टिसॉलची, ही शाई धाग्यात मुरत नाही, वर थर होऊन बसते. बोटाला रबरासारखी लागते. ती साधारण १६० अंश सेल्सिअसवर नीट भाजली गेली, तर वर्षानुवर्षं टिकते. घाईत भाजली, तर काही धुण्यांत तडे जातात.

आता हा दुसरा. इथे छपाईच नाही. ट्विल कापडातून अक्षरं कापलीत आणि कडेने दाट झिगझॅग टीप घातलीय. उलटा करून बघा. आतल्या बाजूला दोऱ्याने काढलेला एम दिसतो. दुकानात कपडा उलटा करून बघायची सवय आपल्याकडच्या बायकांना असते. इथे तेच करा.

[दृश्य: जुन्या कपड्यांचं दुकान, निळा स्वेटशर्ट]

आणि हा तिसरा. मला विचाराल, तर हा सगळा व्हिडिओ याच्यासाठीच केलाय.

१९१९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात फाइनब्लूम कुटुंबाने निकरबॉकर निटिंग कंपनी काढली. पुढे तिचंच नाव चॅम्पियन झालं. कॉलेजांचे संघ हे तिचं मोठं गिऱ्हाईक, आणि त्या गिऱ्हाइकाची तक्रार एकच होती: स्वेटशर्ट धुतला की आखूड होतो. खेळाडूंचे कपडे रोज, गरम पाण्यात धुतले जायचे. होजिअरीचं सुती कापड आटतं ते मुख्यतः लांबीत. महिन्याभरात स्वेटशर्ट बेंबीपर्यंत यायचा.

यावर त्यांनी काय केलं? धागा बदलला नाही. कापड फिरवलं. उभं कापायचं ते आडवं कापलं, म्हणजे आटायचं तर रुंदीत आटेल, लांबी शाबूत राहील.

जरा थांबा इथे. विणीतले हे इवलेसे ‘व्ही’ दिसतायत? साध्या स्वेटशर्टात ते गळ्यापासून खाली ओळीने उतरतात. इथे ते एका कुशीवर निजलेत.

आता रुंदीत आटलं, तर छातीला आवळणार. म्हणून दोन्ही कुशींना या रिबच्या, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या विणीच्या पट्ट्या, काखेपासून खालपर्यंत. हात वर केला की त्या उघडतात, खाली घेतला की मिटतात. पहिलं पेटंट १९३८चं, सुधारलेलं १९५२चं. नाव ‘रिव्हर्स वीव्ह’. खरं तर हे कापड हातमागासारखं विणलेलं नाही, होजिअरीचं आहे, त्यामुळे नाव तसं चुकीचंच. असो, बसलं ते बसलं.

वजन हातात घेऊन बघा. साधारण ४०० जीएसएम, म्हणजे मघाच्या टी-शर्टच्या दुपटीहून जास्त. कॉलर विरलीय, मनगटाच्या रिबचे धागे सुटलेत. पण शिवण? एकही उसवलेली नाही.

[दृश्य: टोप्यांची भिंत]

बाकीचे ब्रँड म्हणाल, तर टोप्यांत ‘फोर्टी सेव्हन’. इटलीहून आलेल्या जुळ्या भावांनी १९४७ साली बॉस्टनमध्ये सुरू केलेला. इंडियानापोलिसची होमफील्ड कंपनी विद्यापीठांची विसरलेली जुनी चिन्हं शोधून काढते आणि मऊ टी-शर्टांवर छापते. मिशिगनच्या खेळाडूंचा गणवेश २००७मध्ये नायकेकडून आदिदासकडे गेला, २०१६मध्ये परत नायकेकडे आला, आणि फुटबॉलच्या जर्सीवर बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या उडीचं चिन्ह आलं.

विद्यापीठाचा हा ‘एम’ कुणीही छापायचा नाही. बिल बॅटल यांनी १९८१मध्ये कॉलेजिएट लायसन्सिंग कंपनी काढली, तेव्हापासून परवाना आणि रॉयल्टीचा हा धंदा देशभर रुळला. लेबलवरचं हे चमकणारं होलोग्राम त्याचीच खूण. आपल्याकडे फुटपाथवर मिळणाऱ्या ‘मिशिगन’वर ते शोधू नका. कॉलेजच्या खेळाडूला मात्र स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली ती १ जुलै २०२१ला.

[दृश्य: गळ्यामागचं लेबल, जुनी छायाचित्रं]

कपडे शिवले जातात दूर. १९९९मध्ये इथल्याच विद्यार्थ्यांनी शिवणकामगारांसाठी विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या कार्यालयात ठिय्या दिला होता. २००९मध्ये विद्यापीठांनी कपडे बनवणाऱ्या रसेल कंपनीशी करार तोडल्यावर होंडुरासमधल्या तिच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या बाराशे कामगारांना काम परत मिळालं.

[दृश्य: मैदान, संध्याकाळ]

सामना संपलाय. जुना निळा स्वेटशर्ट आमच्या यजमान मुलीने विकत घेतला आणि तिथेच अंगात घातला. जवळजवळ मांड्यांपर्यंत आलाय. दुकानदाराला तिने विचारलं, धुतल्यावर आखूड होईल ना?

तो नुसता हसला.