कुंपणावरची पाटी आणि ५९६ एकर जमीन

नमस्कार मंडळी! रस्त्याच्या कडेला तारेचं कुंपण, आत कमरेएवढं गवत आणि कचरा. जागा कोणाची, ते शेजारच्यांनाही ठाऊक नाही. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात अशा किती जागा असतील?

२०११ साली पॉला सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्याच नोंदी लावून बघितल्या. आकडा निघाला ५९६ एकर, तोही फक्त सरकारी मालकीच्या रिकाम्या जमिनीचा! म्हणून संस्थेचं नावच पडलं '५९६ एकर्स'.

(स्क्रीनवर नकाशा)

या नोंदी असतात 'प्लूटो' नावाच्या यादीत. आपल्याकडे सिटी सर्व्हे नंबर असतो ना, तसा तिथं प्रत्येक भूखंडाला दहा आकडी नंबर असतो. सोबत मालक, क्षेत्रफळ आणि वापर. रिकाम्या जमिनीचा कोड ११. २०१३ पर्यंत ही यादी विकत घ्यावी लागायची, मग ती मोफत झाली.

पण नुसता कोड ११ बघून भागत नाही. कागदावर 'रिकामी' असलेल्या काही जागांवर लोकांनी कधीच बाग फुलवलेली होती. काही तुकडे दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या पट्ट्या निघाले, तिथं करणार काय? म्हणून जागेवर जाऊन बघावंच लागतं.

आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं काम. वेबसाइटवरचा नकाशा गल्लीतल्या आजींपर्यंत कसा पोचणार? म्हणून यांनी थेट कुंपणावर पाट्या बांधल्या: ही जमीन सरकारी आहे, हा तिचा नंबर, अमुक खात्याकडे आहे, इथं फोन करा. पाटी वाचून शेजारी एकत्र आले, खात्याच्या मागे लागले, रीतसर परवानगी काढली आणि भाजीचे वाफे घातले. अशा जागा तीसच्या वर झाल्या.

जानेवारी २०१५ मध्ये शहराच्या गृहनिर्माण खात्यानं बिल्डरांसाठी भूखंडांची यादी काढली. तिच्यात चालू बागाही होत्या. परवडणारी घरं हवीतच, त्याबद्दल वाद नाही. पण बाग करणाऱ्यांना न विचारता तिचा सौदा व्हावा, हे मला मुळीच पटत नाही. नंबर आणि नकाशा हाताशी असल्यानं बागवाले लगेच जागे झाले, वर्षभर भांडले. वर्ष संपताना ३४ बागा उद्यान खात्याकडे कायमच्या सोपवायचं ठरलं.