प्लाझ्माच्या प्रकाशात डिचोलीचे खनिज

मीठ घातलेली पेज उतू गेली की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. तो रंग मिठातील सोडियमचा असतो. तापवलेल्या प्रत्येक मूलद्रव्याचे अणू ठरावीक तरंगलांबींचाच प्रकाश बाहेर टाकतात आणि याच गुणाच्या आधारे बुन्सेन व किर्खहोफ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० मध्ये सीझियम हे नवे मूलद्रव्य ओळखले.

पडद्यावर दिसतो आहे तो डिचोली तालुक्यातील लोहखनिजाचा तांबूस खडा. मांडवीतून मुरगावकडे बार्जने जाणाऱ्या अशा खनिजाचा भाव त्यातील लोहावर जसा ठरतो, तसाच नको असलेल्या सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि फॉस्फरस यांवरही ठरतो.

हे सारे घटक एकाच वेळी मोजायला स्वयंपाकघरातली ज्योत अपुरी पडते. त्यासाठी आर्गॉन वायूचा प्लाझ्मा, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेला अतितप्त वायू लागतो. एकात एक बसवलेल्या तीन क्वार्ट्‌झ नळ्यांच्या तोंडाशी तांब्याचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला, की ठिणगीने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आर्गॉनच्या अणूंवर आदळत राहतात आणि तापमान सहा ते दहा हजार केल्विनपर्यंत चढते. सूर्याचा पृष्ठभागही इतका तप्त नसतो. खनिजाचे द्रावण तुषारांच्या रूपाने आत शिरते, तेही जेमतेम काही टक्के. उरलेले मोठे थेंब वाटेतच गळून निचऱ्याच्या बाटलीत जातात. आत गेलेल्या द्रावणातील अणू तापून आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकतात; अशा प्रत्येक तरंगलांबीला रेषा म्हणतात. लोहाची २५९.९४ आणि मँगनीजची २५७.६१ नॅनोमीटरची रेषा अतिनील असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. प्रकाश सूक्ष्म रेघांच्या जाळीने तरंगलांबीनुसार विभागला जातो, शोधक त्याची तीव्रता मोजतो, आणि प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांशी ती ताडून पाहिली जाते.

आम्ही मात्र यंत्रापेक्षा चंचुपात्रापाशी अधिक वेळ थांबलो. हायड्रोक्लोरिक आम्लात लोह विरघळते, पण तळाशी पांढुरका गाळ उरतो. तो गाळून टाकला, तर त्यातील सिलिका यंत्राच्या लेखी खनिजात कधी नव्हतीच. हायड्रोफ्लोरिक आम्ल हा गाळ विरघळवते. परंतु ते क्वार्ट्‌झची नळीही खाते, आणि द्रावण उघड्यावर तापवले तर सिलिकामधला सिलिकॉन वायुरूपाने उडून जातो. म्हणून खनिजाची भुकटी लिथियम मेटाबोरेट या क्षाराबरोबर प्लॅटिनमच्या मुशीत सुमारे हजार अंश सेल्सिअसला वितळवतात आणि तो काचेसारखा रस सौम्य नायट्रिक आम्लात विरघळवतात.

एवढे करूनही लोहाच्या मुख्य आकड्यासाठी जुनी टायट्रेशन पद्धत, म्हणजे ठाऊक तीव्रतेचे द्रावण रंग बदलेपर्यंत थेंबथेंब घालून मोजण्याची रीत, टिकून आहे, आणि त्यामागचा हिशेब रास्त आहे. मोजमापात शेकडा एकाची चूक झाली, तर ०.०५ टक्के फॉस्फरसमध्ये ती जाणवतही नाही. साठ टक्के लोहात मात्र तीच चूक ०.६ टक्क्यांची होते. त्यामुळे प्लाझ्माच्या यंत्राशेजारच्या टेबलावर आजही ब्युरेट, म्हणजे तोटी असलेली मापाची काचनळी, उभी असते आणि हिरवट द्रावण जांभळे होईपर्यंत पोटॅशियम डायक्रोमेटचे थेंब एकेक करून सोडले जातात.