खर्जाची वाट : हारुओमी होसोनो यांची संगीतयात्रा

मघाशी आपण सगळ्यांनी जे गाणे ऐकले, ते 1971 साली ध्वनिमुद्रित झाले. 'काझे ओ आत्सुमेते', म्हणजे 'वारा गोळा करून', असे त्याचे नाव. गाणे लावण्यापूर्वी मी विनंती केली होती की गायकाच्या आवाजाच्या खाली जे चालले आहे तिकडे कान द्यावा. ज्यांनी तो दिला त्यांना जाणवले असेल की गिटारच्या झंकाराखालून आणखी एक चाल शांतपणे जात होती; कधी ड्रमच्या ठोक्याला धरून, कधी किंचित मागे रेंगाळत, आणि ओळ संपता संपता गायकाला हलकेच पुढच्या ओळीपाशी नेऊन सोडत. ती बेस गिटार जपानी संगीतकार हारुओमी होसोनो यांची, आणि गाणारा आवाजही त्यांचाच. ड्रम्सवर होते ताकाशी मात्सुमोतो, ज्यांनी हे गीत लिहिले.

बेस गिटार हे वाद्य ऐकायला शिकावे लागते. तिला साधारणतः चारच तारा असतात आणि त्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या असतात. तबल्याच्या साथीत डग्ग्याची घुमार जे काम करते, त्याच्या जवळचे काम ती करते. पण तिच्याकडे आणखी एक अधिकार असतो. वरचे सूर तेच ठेवून खालचा एकच सूर बदलला, तरी सगळ्या स्वरमेळाचा रंग पालटतो. लय आणि सूर या दोहोंचा सांधा बेसवादकाच्या हाती असतो आणि तरीही बहुतेक श्रोत्यांचे त्याच्याकडे लक्ष जात नाही. तो थांबला की मात्र गाणे पोकळ झाल्याचे सर्वांना कळते. मी स्वतः होसोनो यांची गाणी कितीतरी दिवस स्वस्त इअरफोनवर ऐकत होतो. एका मित्राच्या घरी मोठ्या स्पीकरवर तीच गाणी ऐकली, तेव्हा आपण आजवर अर्धेच गाणे ऐकले हे उमगले. होसोनो पुढे गायक झाले, संगीतकार झाले, इलेक्ट्रॉनिक संगीताचे एक जनक म्हणून ओळखले गेले. पण या सगळ्यांत ते बेसवादकच राहिले, असे माझे मत आहे, आणि आज मला तेच मांडायचे आहे.

त्यांचा जन्म 9 जुलै 1947 रोजी टोकियोच्या मिनातो भागात झाला. त्यांचे आजोबा मासाबुमी होसोनो हे रेल्वे खात्यातले अधिकारी होते आणि 1912 साली रशियाहून परतताना त्यांनी ज्या जहाजाने प्रवास केला ते टायटॅनिक होते. त्या जहाजावरचे ते एकमेव जपानी प्रवासी. ते वाचले, आणि वाचले म्हणूनच मायदेशी त्यांना अपमान सोसावा लागला. जहाजाच्या छापील कागदावर पत्नीला लिहिलेले त्यांचे पत्र पुढे प्रसिद्ध झाले. नातवाच्या संगीताशी याचा थेट संबंध जोडण्याचा मोह मी टाळतो. एवढेच सांगतो की या घरात एका माणसाच्या जगण्याचीच कैफियत द्यावी लागली होती.

युद्धोत्तर टोकियोत अमेरिकी सैन्यासाठी चालणारे रेडिओ केंद्र जपानी मुलेही ऐकत. होसोनो त्यांच्यापैकीच. रिक्क्यो विद्यापीठात शिकत असतानाच ते टोकियोतल्या तरुण वादकांच्या वर्तुळात रुळले. 1969 मध्ये 'एप्रिल फूल' या बँडचा एकमेव अल्बम निघाला आणि बँड फुटला. त्यातले होसोनो आणि मात्सुमोतो, त्यांच्या जोडीला एइची ओताकी आणि गिटारवादक शिगेरु सुझुकी, असे चौघे मिळून 'हॅपी एंड' हा बँड उभा राहिला.

त्या काळी जपानी संगीतवर्तुळात एक वाद रंगला होता: रॉक जपानी भाषेत गाता येतो का? रॉक गायक युया उचिदा यांच्यासारख्या मंडळींचे म्हणणे असे की जगापुढे जायचे असेल तर इंग्रजीतच गायला हवे. हा वाद केवळ अस्मितेचा नव्हता, त्यात छंदशास्त्राची खरी अडचण होती. इंग्रजी शब्दात एका अवयवावर जोर पडतो, बाकीचे दबतात, आणि रॉकचा ठेका त्या जोरावरच स्वार होतो. जपानी भाषेत अक्षरे जवळपास सारख्या मापाने, एकापाठोपाठ एक पडत जातात. मग आघात कुठून आणायचा? मात्सुमोतो यांनी शब्द मधेच तोडून ते पुढच्या ठोक्यावर टाकले. पण माझ्या कानांना या प्रश्नाचे अर्धे उत्तर होसोनोंच्या बेसमध्ये सापडते: भाषेत नसलेला जोर त्यांनी खर्जातून पुरवला, आणि त्यामुळे वरचे शब्द बोलल्यासारखे, अजिबात न ओरडता म्हणता आले. 1971च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या 'काझेमाची रोमान' या अल्बमनंतर त्या वादात फारसा जीव उरला नाही. 'काझेमाची' म्हणजे वाऱ्याचे गाव. 1964च्या ऑलिंपिकसाठी झालेल्या बांधकामांत मात्सुमोतोंच्या लहानपणीचे टोकियो पुसले गेले होते. ही गाणी त्या हरवलेल्या गल्ल्यांची आहेत.

तिसरा अल्बम करण्यासाठी हे चौघे 1972 मध्ये लॉस एंजेलिसला गेले. तिथे अमेरिकी संगीतकार व्हॅन डाइक पार्क्स यांच्याबरोबर शेवटचे गाणे घडले, ज्याच्या नावातच अमेरिकेला आणि जपानला एकदमच निरोप आहे. तो अल्बम बाजारात येण्याआधीच बँड विसर्जित झाला होता.

होसोनो तेव्हा टोकियोबाहेर, सायतामा प्रांतातल्या सायामा गावी राहायला गेले. अमेरिकी लष्करी तळावरच्या कुटुंबांसाठी बांधलेली लाकडी घरे तिथे भाड्याने मिळत. आपल्या घरातच त्यांनी ध्वनिमुद्रणाची यंत्रे आणवली आणि 1973 साली 'होसोनो हाउस' हा पहिला स्वतंत्र अल्बम केला. स्टुडिओतल्यासारखी भिंतीआडची शांतता त्यात नाही. खोलीतली हवा ऐकू येते. सोबत होते सुझुकी, ड्रमवादक तात्सुओ हायाशी आणि कीबोर्डवर मासाताका मात्सुतोया. हेच चौघे 'कॅरामेल मामा' आणि पुढे 'टिन पॅन अ‍ॅली' या नावाने इतर गायकांना साथ करू लागले. यूमी आराई या तरुण गायिकेच्या 1973च्या पहिल्या अल्बमची साथसंगत त्यांचीच. जपानी शहरी पॉपसंगीताचा जो गोडवा आज जगभरातले तरुण नव्याने शोधत आहेत, त्याचा पाया अशा साथीतच घातला गेला. नाव मुखपृष्ठावर गायकाचे असायचे.

1975 ते 1978 या काळात होसोनोंनी उष्ण कटिबंधाची स्वप्ने रंगवणारे तीन अल्बम केले. हवाई बेटे, अमेरिकेतले न्यू ऑर्लिन्स, जपानच्या दक्षिणेकडची ओकिनावा बेटे, सगळे त्यांत मिसळले होते. ओकिनावाच्या लोकसंगीताकडे त्यांचे लक्ष जाण्याचे कारण पुन्हा लयीचेच. एक लय सरळ चालते, एक लय झुलत चालते. आणि या दोहोंच्या मध्ये एक अरुंद जागा आहे, जिथे वादक पूर्ण सरळही नसतो आणि पूर्ण झुलतही नसतो. बूगी-वूगी या जुन्या अमेरिकी पियानोशैलीत ती जागा आहे, ओकिनावाच्या गाण्यांतही आहे. होसोनो आयुष्यभर त्या जागेच्या शोधात राहिले.

1978च्या फेब्रुवारीत त्यांनी र्युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांना घरी बोलावले. कोतात्सुभोवती, म्हणजे खाली शेगडी असलेल्या पांघरूण घातलेल्या मेजाभोवती, तिघे बसले आणि होसोनोंनी वहीत लिहून ठेवलेली कल्पना पुढे ठेवली: अमेरिकी संगीतकार मार्टिन डेनी यांची 'फायरक्रॅकर' ही रचना सिंथेसायझरवर, नाचता येईल अशी बसवायची आणि जगभर चाळीस लाख प्रती विकायच्या. पाश्चात्त्यांनी पूर्वेची जी कल्पित चित्रे रंगवली होती, ती यंत्रांच्या आवाजात त्यांनाच परत पाठवायची, असा तो बेत होता. यातून 'यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा' जन्माला आला.

त्याच वर्षी होसोनो चित्रकार तादानोरी योकोओ यांच्याबरोबर भारतात आले होते. प्रवासात ते पोटाच्या विकाराने चांगलेच आजारी पडले. त्या अनुभवातून सप्टेंबर 1978 मध्ये 'कोचीन मून' हा अल्बम निघाला, जणू न काढलेल्या एखाद्या हिंदी चित्रपटाचे संगीत. 'होटेल मलबार' हे त्यातल्या पहिल्या तीन रचनांचे नाव, आणि वाद्ये म्हणाल तर बहुतेक सिंथेसायझर. तापात ऐकलेला भारत आहे तो, आणि आपल्याला त्यात आपला देश ओळखू येतोच असे नाही. पण मला त्यातला प्रामाणिकपणा भावतो, कारण दोन-चार आठवड्यांच्या प्रवासात भारत समजल्याचा आव त्यात कुठेही नाही.

यलो मॅजिक ऑर्केस्ट्राची यंत्रे हिदेकी मात्सुताके चालवत. रोलँडच्या 'एमसी-8' या उपकरणात प्रत्येक सूर, त्याची लांबी, त्याची जागा आकड्यांत भरावी लागे. आता प्रश्न असा की सरळ आणि झुलत्या लयीमधली ती अरुंद जागा आकड्यांत कशी सांगायची? जी गोष्ट बोटे न मोजता करतात, ती इथे मोजावीच लागली. 1979च्या 'सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर' मधली होसोनोंची 'अ‍ॅब्सोल्यूट ईगो डान्स' ही रचना ऐकावी: ओकिनावाची हाळी आहे, यंत्राचा ठेका आहे, आणि तरीही खालची लय अंगात भिनते. यंत्र आले म्हणून बेसवादक संपला, असे अनेकांना वाटते. इथे बेसवादकाच्या कानानेच यंत्राला चालायला शिकवले.

त्या अल्बमने जपानमध्ये प्रचंड लोकप्रियता मिळवली. प्रसिद्धीचा हा रेटा तिघांनाही जड गेला आणि 1981चे दोन अल्बम मुद्दामच गडद, अवघड झाले. 1983च्या अखेरीस त्यांनी बँड थांबवला, पण त्यासाठी शब्द वापरला 'सांकाई', म्हणजे पांगणे. त्याच वर्षी होसोनो आणि मात्सुमोतो ही जुनी जोडी सेइको मात्सुदा या अतिशय लोकप्रिय गायिकेसाठी गाणी रचत होती. पुढच्या वर्षी 'मुजी' या घरगुती वस्तूंच्या जपानी कंपनीच्या दुकानांत वाजवण्यासाठी होसोनोंनी संगीत केले: कुणी थांबून ऐकू नये, पण नसले तर जागा रिकामी वाटावी असे. बेसवादकालाच सुचावे असे ते काम आहे. 2018 साली दिग्दर्शक हिरोकाझु कोरे-एदा यांच्या 'शॉपलिफ्टर्स' या चित्रपटाला त्यांनी दिलेले पार्श्वसंगीतही याच जातीचे.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात होसोनोंच्या मैफलीत ताकाहाशी आणि साकामोतो मंचावर आले आणि तिघांनी मिळून 'अ‍ॅब्सोल्यूट ईगो डान्स' वाजवले. 2023च्या जानेवारीत ताकाहाशी गेले, मार्चमध्ये साकामोतो गेले. एइची ओताकी तर 2013च्या अखेरीसच गेले होते.

2019 मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, होसोनोंनी 'होसोनो हाउस' मधली गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. सायामाच्या त्या खोलीत चौघे एकमेकांकडे बघत वाजवत होते. या वेळी बहुतेक सगळे त्यांनी एकट्याने केले, आणि गाण्यांचा क्रम उलटा लावला, त्यामुळे 1973 साली ज्या गाण्याने सुरुवात झाली होती त्यावर हा अल्बम थांबतो. 'बारा तो याजू', म्हणजे 'गुलाब आणि श्वापद', हे त्यातलेच एक गाणे. आता मी ते दोन्ही रूपांत लावतो, आधी 1973चे, मग 2019चे. या वेळीही कान खालच्या अंगाला ठेवावा, ही विनंती.