निक्सओएसवर जावास्क्रिप्टची पॅकेजेस: कुठली गोष्ट कुठे लिहायची

नमस्कार. निक्सओएसवर, म्हणजे निक्स या पॅकेज मॅनेजरवर उभ्या असलेल्या लिनक्सवर, नव्याने आलेला जावास्क्रिप्टवाला बहुधा पहिल्याच दिवशी अडखळतो. जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणाऱ्या ‘एनपीएम इन्स्टॉल’ला ग्लोबलचा ‘-जी’ लावला की लिहिण्याची परवानगी नसल्याचा एरर येतो. मग तो सुडो लावून बघतो, तरीही तेच. एनपीएम ग्लोबल पॅकेजेस ठेवायला जाते ती नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) शेजारी, आणि इथे नोड असतो ‘/निक्स/स्टोअर’मध्ये, ३२ अक्षरी हॅशने (पॅकेज कशातून बांधले त्यावरून काढलेल्या खुणेने) सुरू होणाऱ्या फोल्डरात. स्टोअर रीड-ओन्ली माउंट केलेले असल्यामुळे रूटचेही काही चालत नाही. एल्को डॉल्स्ट्रा यांनी उट्रेख्ट विद्यापीठातल्या २००६ सालच्या पीएचडी प्रबंधात मांडलेली कल्पनाच ही: बांधून झालेल्या पॅकेजला पुन्हा हात लावायचा नाही, बदल हवा असेल तर नवा हॅश आणि नवे फोल्डर.

यावर सर्रास सुचवला जाणारा तोडगा म्हणजे एनपीएमचा ‘प्रीफिक्स’ (ग्लोबल पॅकेजेस ठेवायची जागा) होम फोल्डरात हलवणे. चालतो, पण मी सुचवणार नाही. तिथे सी++मधून कंपाइल झालेले मॉड्यूल स्टोअरमधल्या लायब्ररींचे पत्ते धरून बसते. निक्सला या मॉड्यूलची खबरच नसते, त्यामुळे ‘निक्स-कलेक्ट-गार्बेज’ चालवले की त्या लायब्ररी साफ होऊ शकतात आणि काल चालणारे टूल आज उघडत नाही.

त्यापेक्षा कामे वाटून घ्या. एडिटरला लागणारा टाइपस्क्रिप्टचा लँग्वेज सर्व्हर, प्रेटिअर वगैरे मशीनभर लागणारी टूल्स सिस्टमच्या कॉन्फिगरेशनमधल्या ‘सिस्टमपॅकेजेस’च्या यादीत किंवा होम मॅनेजरमध्ये (युजरपुरते कॉन्फिगरेशन सांभाळणारे टूल) लिहा. नोडची आवृत्ती, समजा ‘नोडजेएस_२२’, प्रोजेक्टच्या फ्लेकमधल्या (प्रोजेक्टला काय लागते ते सांगणारी निक्सची फाइल) डेव्ह शेलमध्ये ठेवा. डायरेन्व्ह (फोल्डरनुसार शेलचे वातावरण बदलणारे टूल) जोडला की फोल्डरात शिरताच तीच आवृत्ती मिळते. आणि प्रोजेक्टच्या आत नेहमीसारखे ‘एनपीएम सीआय’ चालवा. रोजच्या कामासाठी नोड_मॉड्यूल्स निक्सकडून बांधून घेण्याचा अट्टहास काही जण करतात. त्यात वेळ जातो, हाती फारसे लागत नाही.

या वाटणीतही एक खड्डा आहे. ब्राउझर टेस्टिंगच्या प्लेराइट या टूलने डाउनलोड केलेला ब्राउझर सुरू करताना ‘अशी फाइल नाही’ असा एरर येऊ शकतो, आणि फाइल तर डोळ्यांसमोर असते. सापडत नसतो तो लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करताना लायब्ररी जोडून देणारा प्रोग्रॅम. तयार बायनरी तो ‘/लिब६४’मध्ये शोधते, निक्सओएसवर खरा लोडर असतो स्टोअरमध्ये. नव्या आवृत्त्यांत यासाठी जरा स्पष्ट संदेश येतो, एवढेच. उपाय दोन: सिस्टमच्या कॉन्फिगरेशनमध्ये निक्स-एलडी (तयार बायनरींसाठी लोडरची सोय करणारे टूल) सुरू करून लागणाऱ्या लायब्ररी त्याच्या यादीत घालणे, किंवा निक्सपॅकेजेस या निक्सच्या पॅकेजसंग्रहातला ब्राउझर वापरणे. दुसऱ्या उपायात ब्राउझर आणि प्लेराइट यांच्या आवृत्त्या जुळल्या पाहिजेत.

आता पॅकेज बांधून सर्व्हरवर पाठवायचे असेल तर निक्सपॅकेजेसमधले ‘बिल्डएनपीएमपॅकेज’ हे फंक्शन. बिल्डच्या सँडबॉक्समध्ये नेटवर्क नसते, म्हणून पॅकेज-लॉकमधली (नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइल) सगळी पॅकेजेस आधी एका कॅशमध्ये उतरवली जातात आणि त्या कॅशचा हॅश तुम्ही ‘एनपीएमडेप्सहॅश’मध्ये लिहायचा. सुरुवातीला तिथे ‘लिब.फेकहॅश’ घाला, बिल्ड अडेल, एररमध्ये ‘गॉट’पुढे खरा हॅश येईल, तो चिकटवा.

लॉक फाइल बदलली आणि हॅश जुनाच राहिला, तर निक्स त्या हॅशची जुनी कॅश स्टोअरमधून उचलते, नव्याने काही उतरवतच नाही. सुदैवाने बिल्ड सुरू होताना कॅशमधली आणि प्रोजेक्टमधली अशा दोन्ही लॉक फाइल्स ताडून पाहिल्या जातात आणि हॅश जुना झाल्याचे तिथेच कळते. ही कटकट नको असेल तर ‘इम्पोर्टएनपीएमलॉक’ वापरा. ते लॉक फाइलमधलेच इंटेग्रिटी हॅश घेते. फ्लेकला गिटला ठाऊक असलेल्याच फाइल्स दिसतात, तेव्हा नवी लॉक फाइल आधी ‘गिट अॅड’ करा.

‘ईनॉटकॅश्ड’ (लागणारे पॅकेज कॅशमध्ये नाही) हा एरर आला तर लॉक फाइल उघडून ‘रिझॉल्व्ह्ड’ आणि ‘इंटेग्रिटी’ या नोंदी गायब आहेत का ते पाहा. इलेक्ट्रॉन, पपेटिअर अशा पॅकेजेसच्या पोस्टइन्स्टॉल (बसवल्यावर आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्ट नेटवरून बायनरी ओढायला जातात आणि सँडबॉक्समध्ये आपटतात. पपेटिअरसाठी ‘पपेटिअर_स्किप_डाउनलोड’ला १ द्या आणि क्रोमिअम निक्सपॅकेजेसमधून घ्या.

सगळ्यात फसवे शेवटी. बिल्ड हिरवे, पण कमांड चालवली की मॉड्यूल सापडत नाही. इन्स्टॉलच्या टप्प्यात फाइल्सची यादी ‘एनपीएम पॅक’कडून (पॅकेजची गठडी बांधणारी कमांड) घेतली जाते. ‘डिस्ट’ फोल्डर गिटइग्नोरमध्ये असेल आणि पॅकेज.जेसनमध्ये ‘फाइल्स’ची नोंद नसेल, तर तयार कोड त्या यादीत येतच नाही. ‘फाइल्स’मध्ये ‘डिस्ट’ लिहा, आणि निक्सला हात लावण्याआधी ‘एनपीएम पॅक --ड्राय-रन’ चालवून यादी नजरेखालून घाला.