बर्फ खाली बसतोय, हट वरच राहतेय

(एका ट्रेकिंग ग्रुपच्या कार्यक्रमातल्या भाषणाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून)

आधी हात वर करा, स्वित्झर्लंडमधल्या जुंगफ्राऊला कोण कोण जाऊन आलंय? बघा, निम्मा हॉल. आणि त्यातलं तिथल्या स्टेशनाच्या बाहेर पडून तासभर चाललेलं कोण? हं, दोनच हात. म्हणूनच आज बोलायला आलेय. टूरवाले आपल्याला ३४५४ मीटरवर नेतात, १९१२ साली वरपर्यंत पोचलेल्या त्या रेल्वेने, आयगर आणि म्योंख या दोन डोंगरांच्या पोटातल्या बोगद्यातून, वर दोनेक तास, बर्फात फोटो, कोणीतरी हिंदी सिनेमातल्यासारखे हात पसरून उभं राहतं, कपभर चहा आणि मग खाली. त्यात वाईट काही नाही, मीही केलंय. पण गच्चीवरून दक्षिणेला बघितलं की जो पांढरा पट्टा वळत वळत खाली जातो ना, ते अलेच ग्लेशियर, म्हणजे बर्फाची नदी. आल्प्समधलं सगळ्यात लांब, साधारण २० किलोमीटर. त्याच्या कडेने चालता येतं, गाइड बरोबर असेल तर त्याच्या अंगावरून चालता येतं, वाटेत मुक्कामाला हट, म्हणजे ट्रेकर्ससाठी डोंगरात बांधलेलं साधं घर, आहे, पुढे एक तळं आहे. आज मी फक्त या पट्ट्याबद्दल बोलणार आहे, म्हणजे मधेमधे भरकटेन, पण येईन परत.

तर वरच्या शिखरांच्या कुशीत बर्फ पडतो, साठतो, स्वतःच्याच वजनाने दबून घट्ट होतो आणि हळूहळू सरकायला लागतो. असे चार बाजूंचे चार प्रवाह येऊन एका अवाढव्य सपाट जागी मिळतात, तिचं नाव कोंकोर्डियाप्लाट्झ. तिथे बर्फाची जाडी आठशे मीटरच्या वर आहे. म्हणजे सिंहगड पायथ्यापासून माथ्यापर्यंत उभा गाडला तरी वर बर्फ शिल्लक राहील. आणि हे सगळं सरकतंय, तिथे वर्षाला दीडशे-दोनशे मीटर. फोटोत त्या पट्ट्यावर मधोमध लांबच्या लांब काळ्या रेषा दिसतात, लोकांना वाटतं बुलडोझर गेलाय की काय. तसं नाही. प्रत्येक प्रवाह आपल्या कडेला डोंगराचे दगड घेऊन येतो, दोन प्रवाह मिळाले की दोघांच्या कडा एकमेकांना चिकटतात आणि कडेचा राडारोडा मधे येतो. ती रेष मग थेट खालपर्यंत जाते.

आता त्या कोंकोर्डियाच्या काठावर, कातळावर, २८५० मीटर उंचीवर एक हट आहे. कोंकोर्डिया हट. पहिली हट तिथे १८७७ साली बांधली. तेव्हा बर्फ हटच्या खाली पन्नासेक मीटरवर होता असं सांगतात, म्हणजे ग्लेशियरवरून उतरायचं, थोडं चढायचं की दार. मग बर्फ खाली बसत गेला. हट काही खाली येत नाही, ती कातळावर आहे. मग काय केलं, तर जिना लावला. लोखंडी, कातळाला ठोकलेला. बर्फ आणखी बसला की खाली आणखी जोडायचा. आज त्याला चारशेच्या वर पायऱ्या आहेत, आणि दिवसभर बर्फावर पाय ओढत आल्यावर शेवटी तो जिना समोर दिसतो तेव्हा माणूस जे बोलतो ते इथे माइकवर बोलता येणार नाही. पण चढताना एक गोष्ट करा, मधे थांबून बाजूचा कातळ बघा. खालचा भाग फिकट आहे, घासलेला, त्यावर शेवाळ-बिवाळ काही नाही, आणि वर गेलं की कातळ काळपट होतो. जिथे रंग बदलतो तिथपर्यंत बर्फ होता. पर्यावरणाचे रिपोर्ट मी पण वाचते, पण त्या जिन्यावर धापा टाकत असताना हा हिशेब जसा डोक्यात शिरतो तसा कागदावर शिरत नाही. आकडा हवाच असेल तर हा घ्या, २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून स्वित्झर्लंडमधल्या ग्लेशियरचा दहा टक्के बर्फ गेला. दोन वर्षांत.

हटबद्दल जरा सविस्तर सांगते कारण आपल्या लोकांचे जास्तीत जास्त प्रश्न तिथेच असतात. स्विस अल्पाइन क्लब १८६३ मध्ये ओल्टेन नावाच्या गावात स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्यांनी पहिली हट बांधली. आज त्यांच्या दीडशेच्या वर हट आहेत. (या क्लबने १९०७ मध्ये बायकांना बाहेर काढलं आणि १९८० पर्यंत आत घेतलं नाही. बायकांनी १९१८ मध्ये स्वतःचा वेगळा क्लब काढला आणि डोंगर चढत राहिल्या. असो.) मेंबर नसलात तरी राहता येतं, फक्त पैसे थोडे जास्त. हॉटेल समजून गेलात तर पहिल्याच संध्याकाळी मूड जाईल, त्यामुळे आधीच सांगते. एका फळीवर ओळीने गाद्या, शेजारी कोण येईल सांगता येत नाही, आणि घोरण्याला देशांच्या सीमा नाहीत. कानात घालायचे बोळे न्या. ब्लँकेट तिथे असतं पण आपलं पातळ लायनर, ते सिल्कचं किंवा कॉटनचं खोळीसारखं मिळतं ना, ते बहुतेक ठिकाणी सक्तीचं आहे. बूट दाराशी काढायचे, तिथे रबरी चपलांचा ढीग असतो, आपल्या मापाच्या शोधायच्या, दोन्ही एकाच रंगाच्या मिळाल्या तर भाग्य.

जेवण साधारण साडेसहाला, सगळ्यांना एकदम, जे असेल ते. सूप, सॅलड, मग मॅकरोनी-बटाटा-चीज असं काहीतरी पोटभरीचं आणि शेवटी गोड. व्हेज हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगा, नक्की देतात, पण साडेसहाला टेबलावर बसून सांगितलंत तर हट सांभाळणारे जे नवरा-बायको असतात ते तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात ती मी बघितलीय. कारण वर प्रत्येक कांदा हेलिकॉप्टरने आलेला असतो. म्हणूनच पाण्याची बाटली महाग, आणि नळाला पाणी असलं तरी ते पिण्याचं असेलच असं नाही, पाटी वाचा. जाताना थर्मासमध्ये कोमट गोड चहा भरून देतात, त्याला आपण चहा म्हणणार नाही, पण घ्या, बर्फावर तो अमृत लागतो. आपला कचरा आपण खाली न्यायचा. अंघोळ विसरा.

आणि एक वही असते. त्यात नाव लिहायचं, कुठून आलो, उद्या कुठे जाणार. आपल्याकडची सवय अशी की वही दिसली की अभिप्राय लिहायचा, 'अप्रतिम निसर्ग', सह्या, स्मायली. ती वही त्यासाठी नाही. तुम्ही उद्या पुढच्या हटला पोचला नाहीत तर शोधायला कुठून सुरुवात करायची हे त्या वहीवरून ठरतं. तसंच बुकिंग केलं आणि बेत बदलला तर फोन करून कळवायचं. पैशांचा भाग आहेच, पण वर कोणीतरी तुमची वाट बघत असतं आणि अंधार पडल्यावर ते काळजीत पडतं. संकटाची खूणही माहीत असू द्या, मिनिटात सहा वेळा टॉर्च किंवा शिट्टी, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा वेळा. समोरून मिनिटाला तीन आले की समजायचं, बघितलं आपल्याला. तिथल्या एअर रेस्क्यूचा नंबर १४१४.

ग्लेशियरवर गाइडशिवाय जाऊ नका, हे मी भीती घालायला सांगत नाहीये. खालच्या भागात उन्हाळ्यात वरचा ताजा बर्फ वितळून उघडं, खरखरीत, राखाडी बर्फ राहतं, तिथे भेगा डोळ्यांना दिसतात, वळसा घालता येतो. वर जुंगफ्राऊच्या बाजूला त्याच भेगांवर हिमाचं झाकण असतं, एकदम सपाट, सुंदर, आणि खाली काय आहे ते वरून अजिबात कळत नाही. म्हणून रोप. सह्याद्रीत पंचवीस वर्षं काढलेला माणूस असला तरी त्याला तिथे कळणार नाही, कारण आपला हात कातळावर बसलेला आहे, बर्फावर नाही. १९२६ च्या मार्चमध्ये शेजारच्या ल्योचेनटाल खोऱ्यातले तीन सख्खे भाऊ आणि त्यांचा एक मित्र या ग्लेशियरवर वादळात हरवले. स्थानिक पोरं, डोंगर त्यांच्या रोजच्या सवयीचा. २०१२ मध्ये बर्फाने त्यांच्यातल्या भावांची हाडं आणि सामान खाली आणून वर टाकलं, ओळख डीएनएवरून पटवावी लागली. शहाऐंशी वर्षं.

आता तळं. याचं नाव मेर्येलेन. ग्लेशियर जिथे वळतं तिथे बाजूला एक दरी आहे आणि त्या दरीचं तोंड बर्फाच्याच भिंतीने बंद केलेलं होतं, म्हणजे ग्लेशियर हाच बांध. पाणी साठायचं, त्यात बर्फाचे डोंगर तरंगायचे. आणि मग कधीतरी पाण्याला बर्फाखालून वाट सापडायची आणि आख्खं तळं ग्लेशियरच्या पोटातून रिकामं व्हायचं, ते थेट खाली र्‍होनच्या खोऱ्यात, नाटर्स गावावर. शेवटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांनी डोंगरातून बोगदा काढला, पाणी एका ठरावीक पातळीच्या वर गेलं की दुसऱ्या बाजूच्या खोऱ्यात सोडून द्यायचं. एवढी मेहनत केली आणि त्यानंतर ग्लेशियरच खाली बसायला लागलं, बांधच गेला, तळं आटत आटत चिमुकलं झालं, बोगदा बसला तसाच. आज जाल तर घासलेल्या गुळगुळीत कातळात छोटी छोटी तळी दिसतील, जरा वरच्या अंगाला बांध घातलेलं एक मोठं तळं आहे, त्याच्या काठी एक साधी हट. निळंशार बर्फ तरंगतंय असं जुन्या चित्रात बघून जाल तर निराश व्हाल.

याच डोंगराखालचं फीश गाव. तिथल्या लोकांनी १६७८ साली नवस केला होता की आम्ही नीट वागू, प्रार्थना करू, पण हे ग्लेशियर वाढायचं थांबव. तो काळ थंडीचा, ग्लेशियर खरंच वाढत होतं, पूर खरंच येत होते. पुढे १८६२ पासून त्यासाठी मिरवणूकही निघायला लागली. आणि नवस इतका फळला की ग्लेशियर मागेच जायला लागलं! मग गावकऱ्यांना प्रश्न पडला, आपण अजून हेच मागत बसायचं का? पण नवस असा परस्पर कसा बदलणार, तो चर्चने मान्य केलेला. त्यांनी रीतसर व्हॅटिकनला अर्ज केला आणि २०१० मध्ये पोपची परवानगी मिळाली. आता तिथे ग्लेशियर आटू नये म्हणून प्रार्थना करतात. बोललेला नवस परस्पर बदलायचा नाही, वर विचारायचं, हे आपल्या कोकणातल्या कोणाही म्हातारीला लगेच पटेल.

बर्फ जाण्याने फक्त देखावा जातो असं नाही. दरीच्या दोन्ही बाजूंचे उतार शेकडो वर्षं त्या बर्फाला टेकून उभे होते, तो टेका काढला की उतार सुटतात. याच ग्लेशियरच्या काठावर मूसफ्लू म्हणून जागा आहे, २०१६ मध्ये तिथला उतार जोरात सरकायला लागला, पायवाटा बंद कराव्या लागल्या, आणि गंमत म्हणजे तिथलं केबल कारचं स्टेशन आधीच अशा पद्धतीने बांधलेलं होतं की जमीन हलली तर स्टेशनही सरकवून जागेवर आणता यावं. बर्नच्या बाजूला ट्रिफ्ट आहे, तिथे हटकडे जायची वाट ग्लेशियरच्या जिभेवरून होती, ती जीभ वितळली आणि खाली मोठं तळं झालं, म्हणून २००४ मध्ये दरीवर झुलता पूल टाकला. आता जो आहे तो २००९ चा, १७० मीटर लांब, खाली शंभर मीटर. लोक पुलासाठी जातात, रील करतात, आणि तो मुळात तिथे का आला हे विचारत नाहीत. तीच हट २०२१ मध्ये हिमप्रपाताखाली सापडली. मुटहॉर्न हट तर मागचा कडा सुटायला लागला म्हणून बंदच करावी लागली. आणि ब्लाटन तुम्ही बातम्यांत बघितलं असेल, मघाशी सांगितलं त्याच ल्योचेनटालमधलं गाव, २८ मे २०२५ ला वरच्या कड्याचे दगड ग्लेशियरवर पडून पडून शेवटी ग्लेशियरसकट सगळं खाली आलं आणि गाव गाडलं गेलं. पण सुमारे तीनशे लोकांना, गाईगुरांना, आधीच बाहेर काढलं होतं, कारण डोंगरावर मोजमाप करणारे लोक बसले होते. एक माणूस मात्र गेला.

बरं, चिठ्ठ्या आल्यात. 'आईबाबांना घेऊन काय करता येईल?' जुंगफ्राऊच्या स्टेशनाबाहेर पडलात की म्योंखयोख हटपर्यंत मशीनने दाबून केलेली वाट असते, तास लागतो, हट ३६५० मीटरच्या आसपास आहे, वर सूप मिळतं. वाट उघडी आहे का ते स्टेशनवर विचारा, खुणांच्या बाहेर पाऊल नको, आणि रेल्वे एका झटक्यात इतकं वर आणते त्यामुळे डोकं धरतं, हळू चाला. ज्यांना बर्फावर पाय ठेवायचाच नाही त्यांनी फीशहून केबल कारने फीशरआल्पला जायचं, २२१२ मीटर, तिथून किलोमीटरभराचा बोगदा पार केला की थेट मेर्येलेनचं तळं, पुढे उतरून ग्लेशियरच्या काठापर्यंत. टॉर्च ठेवा. 'पाट्या कळतात का?' पिवळी म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा म्हणजे डोंगरातली, बूट हवेत, पांढरा-निळा-पांढरा दिसला की आपण परत फिरायचं. पाटीवर लिहिलेल्या वेळेत बसणं, फोटो, चिवडा खाणं काही धरलेलं नाही. 'कधी जावं?' जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, हट ऑगस्टच्या शनिवार-रविवारी फुल असतात, मधल्या वारी जा. आणि मेर्येलेनला गेलात तर फीशरआल्पहून खाली येणारी शेवटची केबल कार किती वाजता आहे ते सकाळी वर पोचताच बघून ठेवा. ती गेली तर फीशपर्यंत साडेअकराशे मीटर उतार आहे, पायऱ्या नाहीत, आणि तेवढं उतरायचं की नाही हे गुडघे ठरवतात.