हजारानंतरचे पक्षी

(पुण्यातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

हजार कागदी पक्षी घडवले की इच्छा पुरी होते, या जपानी समजुतीवर रुग्णालयात पक्षी घडवत बसलेली हिरोशिमाची आजारी मुलगी, म्हणजे सदाको सासाकी, कोण, हे या सभागृहात सांगायला नको. पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात फिरायला जाणाऱ्या आणि हौसेने जपानी शिकणाऱ्या या शहरात ६ ऑगस्टला, हिरोशिमावर अणुबाँब पडला त्या दिवशी, तिची गोष्ट हटकून सांगितली जाते. माझी तक्रार त्या सांगण्याविषयीच आहे. नातीच्या शाळेत पाहुणा म्हणून गेलो असता फळ्यावर रंगीत खडूने लिहिले होते, ‘६४४ पक्षी झाले आणि ती गेली.’ मी बाईंना म्हणालो, की तिच्या थोरल्या भावाच्या सांगण्यानुसार तिने हजार केव्हाच ओलांडले होते आणि पुढेही ती पक्षी करतच राहिली. त्यावर बाई म्हणाल्या, “काका, पण मग मुलांना रडू कसं येणार?” (हशा)

तो पक्षी म्हणजे करकोचा नव्हे, क्रौंच. आणि क्रौंच म्हटले की आपल्याला वाल्मीकी आठवतात, म्हणजे पुन्हा शोकच. जपानी समजुतीत मात्र तो हजार वर्षे जगणारा पक्षी आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये नागोयाहून रुग्णांसाठी अशा कागदी पक्ष्यांच्या माळा आल्या आणि सदाकोने घड्या घालायला घेतल्या. कागदाची चणचण होती, म्हणून तिने औषधाच्या पुड्यांचे कागददेखील वापरले. आमच्या लहानपणी पेठेतले कंपाउंडर भुकटीच्या पुड्या बांधून देत, त्या ज्यांना आठवतात त्यांना तो कागद केवढा असतो हे ठाऊक आहे. परवा तसल्या कागदाचा पक्षी करायला बसलो, तर चोच निघण्याआधीच कागद फाटला. तिने त्याहून लहान पक्षी सुईच्या टोकाने दुमडले होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, आणि जाहीर झालेला विषय ‘आशा आणि वैद्यक’ तर अजून पिशवीतच आहे. तेव्हा भराभर सांगतो.

बाँब पडला तेव्हा सदाको दोन वर्षांची होती आणि स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे १.६ किलोमीटरवर होती. किरणोत्साराने अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आत रक्त तयार करणाऱ्या मगजातल्या, पेशींना झालेली इजा वर्षानुवर्षे दबून राहू शकते. म्हणून शाळेच्या रिले शर्यतीत धावणारी ही मुलगी फेब्रुवारी १९५५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने रुग्णालयात दाखल झाली. अमेरिकी डॉक्टर सिडनी फार्बर यांनी १९४८ साली बोस्टनमध्ये अशा मुलांचा आजार औषधाने काही काळ मागे हटवून दाखवला होता, पण तो परतत असे.

घरच्यांनी तिच्यापासून आजाराचे नाव लपवले होते. तिने मात्र आपल्या रक्ततपासणीचे आकडे गुपचूप एका कागदावर उतरवून ठेवले होते. आशा म्हणजे अजाणपण, असे मानणाऱ्यांनी तो कागद विचारात घ्यावा. पांढऱ्या पेशी किती वाढल्या हे पाहणारी आणि हजार पुरे झाल्यावरही पुढचा चौकोन कापणारी मुलगी एकच होती. २५ ऑक्टोबरला ती गेली, तेव्हा बारा वर्षांची होती.